नवा सीएनसी राउटर नीट चालत नाही? बिघडलेली फळी फेकू नका, ती वाचा

सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणारं मशीन, नवं जोडून पहिलं नाव कोरायला घेतलं की बहुतेकांच्या हाती अशीच फळी येते. डावीकडची अक्षरं खोल, उजवीकडची जेमतेम ओरखडलेली. किंवा अर्ध्यापर्यंत सगळं सुरेख, आणि तिथून पुढचं सारं पाच मिलिमीटर बाजूला सरकलेलं. किंवा काढायचा होता चौरस आणि निघाला कलता चौकोन. अशा वेळी हात आपोआप कॉम्प्युटरकडे जातो. सेटिंग बदलून बघू, दुसरं सॉफ्टवेअर घालून बघू, असं सुरू होतं. तासाभरात पाच गोष्टी बदललेल्या असतात आणि मूळ दोष कोणता होता तेही आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती फळी जपून ठेवा. दोष कुठे आहे हे तिच्यावर उमटलेलं असतं. बिघडलेल्या जागेशेजारी पेन्सिलीनं लिहा: कोणता कटर, मिनिटाला किती फेरे, किती वेग, किती खोली. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. खाली दिलेला क्रम वीज बंद असतानाच्या तपासणीपासून पहिल्या खऱ्या कापापर्यंत जातो. मधली पायरी गाळू नका, कारण वरच्या पायरीवरचा दोष पुष्कळदा खालच्या पायरीवर जन्मलेला असतो. अलार्मचे आणि सेटिंगचे आकडे मी जीआरबीएल या नियंत्रण-प्रणालीचे दिले आहेत. छोट्या मशीनमध्ये हीच सर्वात जास्त आढळते.

हात घालण्याआधी

इमर्जन्सी बटण कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे. ते नसेल, तर मेन स्विच हाताशी हवा. डोळ्यांवर गॉगल आणि नाकावर धुळीचा चांगला मास्क लावा. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) धूळ फार बारीक असते आणि ती फुप्फुसात खोल जाते. फिरत्या स्पिंडलजवळ (कटर फिरवणाऱ्या मोटरजवळ) हातमोजे घालू नका, कारण कटर कापड पकडतो आणि मागोमाग बोटं ओढतो. कटर बदलताना स्पिंडलची वीज बंद ठेवा. चालू मशीन सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. बोथट झालेला कटर एका जागी घासत राहिला तर भुसा पेटतो, आणि भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूममध्ये गेलेली ठिणगी आत धुमसत राहते.

इलेक्ट्रॉनिक्ससाठीही एक नियम पाळा: वीज चालू असताना स्टेपर मोटरची (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरची) वायर कधीच काढू किंवा लावू नका. त्यानं मोटरला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळू शकतो.

पायरी १: वीज बंद, हातात ॲलन की

नव्या मशीनमधले निम्मे दोष मला या पायरीवर सापडलेले आहेत. म्हणून इथे सर्वात जास्त वेळ द्या.

स्पिंडल दोन बोटांत धरा आणि हळू हलवा, पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. कुठे टक् असा आवाज येतो किंवा बोटाला खेळ जाणवतो तिथे थांबा. तो खेळ चाकांत आहे, स्लायडिंग बेअरिंगमध्ये आहे, की लीडस्क्रूच्या (मोटरनं फिरणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्याच्या) नटमध्ये, हे दुसरा हात त्या सांध्यावर ठेवला की कळतं. चाकांची गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) असेल तर एका बाजूच्या चाकांना एक्सेंट्रिक नट असतात. ते फिरवून चाक इतकंच आवळा की बोटानं फिरवलं तर ते रुळावर अडत फिरेल, सैल घरंगळणार नाही. जास्त आवळलं तर चाकाला सपाट डाग पडतात.

मग कपलिंग पाहा. मोटरचा दांडा आणि लीडस्क्रू जोडणाऱ्या या तुकड्यात छोटे ग्रब स्क्रू असतात. त्यातला एक जरी सैल राहिला, तर मोटर फिरते आणि स्क्रू मागे राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. यावर सोपा उपाय आहे: मोटरचा दांडा, कपलिंग आणि लीडस्क्रू या तिन्हींवरून मार्करनं एक सरळ रेघ ओढा. काम बिघडलं की आधी ती रेघ बघा. रेघ तुटलेली दिसली तर दोष सापडला. पट्ट्याचं मशीन असेल तर हीच रेघ पुलीवर आणि दांड्यावर ओढा.

आता काटकोन. सुताराचा गुण्या गॅन्ट्री आणि बाजूच्या रुळाला लावून बघा, पण शेवटचा निकाल त्यावर देऊ नका. तो निकाल पायरी ४ मध्ये येईल. गॅन्ट्रीला दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटर असतील, तर वीज बंद असताना गॅन्ट्री दोन्ही टोकांच्या अडथळ्यांना एकदम टेकते का ते पाहा. एक बाजू आधी टेकली तर गॅन्ट्री तिरकी बसली आहे.

पायरी २: जोडणी, अलार्म आणि दिशा

कॉम्प्युटरला मशीन दिसतच नसेल तर आधी यूएसबी केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. पुष्कळ बोर्डांवर सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) कॉम्प्युटरवर घालावा लागतो. पोर्ट दिसतं, जोडणीही होते, पण पडद्यावर निरर्थक चिन्हं येतात? मग बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, चुकला आहे. जीआरबीएलच्या १.१ आवृत्तीसाठी तो ११५२०० असतो.

जोडल्यावर मशीन ‘अलार्म’ दाखवत असेल तर घाबरू नका. होमिंग (टोकाच्या स्विचपर्यंत जाऊन स्वतःची जागा शोधणं) चालू केलेलं मशीन सुरू होताना स्वतःला कुलूप लावून घेतं, कारण आपण कुठे उभे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. होमिंग करा, म्हणजे कुलूप निघेल. या अवस्थेत काम पाठवलं तर ‘एरर ९’ येतो, त्याचा अर्थ एवढाच की आधी अलार्म सोडवा. बाकीचे अलार्म नीट वाचण्यासारखे आहेत. अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला बसवलेला स्विच) दाबला गेला, किंवा वायरमधल्या विजेच्या गोंगाटामुळे दाबल्यासारखा वाटला. २ म्हणजे फाईल मशीनच्या पल्ल्याबाहेर जायला सांगते आहे. ८ म्हणजे होमिंगनंतर मागे येऊनही स्विच सुटला नाही. ९ म्हणजे शोधूनही स्विच सापडला नाही.

८ किंवा ९ आला तर मशीन पुन्हा पुन्हा होम करत बसू नका. गॅन्ट्री मध्ये ठेवा, प्रत्येक स्विच बोटानं दाबा आणि प्रश्नचिन्ह पाठवून मशीनची स्थिती मागवा. ज्या अक्षाचा स्विच दाबला त्याचंच अक्षर उत्तरात यायला हवं. काहीच न दाबता अक्षर येत असेल तर स्विचचं तर्क उलटं लागलं आहे, ते $५ या सेटिंगनं फिरवता येतं. एक्स दाबल्यावर वाय येत असेल तर वायरी अदलाबदल झाल्या आहेत.

होमिंग झाल्यावर मशीनचे आकडे ऋण दिसतात, म्हणून नवशिके गोंधळतात. जीआरबीएलमध्ये हे नेहमीचंच आहे. मशीनचं शून्य कोपऱ्यात असतं, तुमच्या लाकडाचं शून्य वेगळं असतं. काम चालतं ते लाकडाच्या शून्यावरून.

आता दिशा. एक्स अधिक म्हणजे कटर उजवीकडे, वाय अधिक म्हणजे कटर तुमच्यापासून दूर, झेड अधिक म्हणजे वर. ज्या मशीनमध्ये बेड सरकतो तिथे फसगत होते. वाय अधिक दिल्यावर बेड तुमच्याकडे यायला हवा, कारण लाकडाच्या दृष्टीनं कटर दूर गेला. हे उलट असेल तर कोरलेलं नाव आरशातल्यासारखं येतं. दिशा $३ मधून बदलते.

मोटर फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरत असेल तर तिच्या चार वायरींच्या जोड्या चुकल्या आहेत. वीज बंद करा, मोटर बोर्डपासून पूर्ण सुटी करा आणि दोन वायरींची टोकं एकमेकांना लावून दांडा हातानं फिरवा. दांडा जड झाला तर त्या दोन वायरी एकाच गुंडाळीच्या आहेत.

पायरी ३: सांगितलं तेवढंच सरकतं का?

बेडवर स्टीलची पट्टी चिकटवा, कटरच्या जागी टोकदार खिळा किंवा व्ही-बिट (व्ही आकाराच्या टोकाचा कटर) लावा आणि मशीनला १०० मिलिमीटर जायला सांगा. सुरुवातीला त्याच दिशेनं पाच-दहा मिलिमीटर आधीच सरकवून घ्या, म्हणजे नटमधली ढिलाई मोजमापात मिसळणार नाही.

मोजमाप २५.४ पटींनी चुकलं तर फाईल इंचात आहे आणि मशीन मिलिमीटरमध्ये, किंवा उलट. जी-कोडच्या (मशीनला पाठवायच्या हुकमांच्या) पहिल्या काही ओळींत जी२१ असेल तर मिलिमीटर, जी२० असेल तर इंच. नेमकं दुप्पट किंवा निम्मं आलं तर ड्रायव्हरवरचा मायक्रोस्टेपिंगचा (मोटरच्या एका पावलाचे बारीक तुकडे करण्याचा) जंपर चुकला आहे, किंवा लीडस्क्रू तुम्ही धरलात त्यापेक्षा वेगळ्या आट्यांचा आहे. हा आकडा हिशेबानं निघतो, अंदाजानं लावू नका. २०० पावलांची मोटर, १/८ मायक्रोस्टेपिंग, म्हणजे एका फेऱ्याला १६०० पावलं. एका फेऱ्यात २ मिलिमीटर सरकणारा स्क्रू असेल तर दर मिलिमीटरला ८००. ८ मिलिमीटरचा असेल तर २००. जीटी२ पट्टा आणि २० दात्यांची पुली एका फेऱ्यात ४० मिलिमीटर जाते, म्हणजे ४०. हे आकडे $१००, $१०१ आणि $१०२ मध्ये बसतात.

फरक थोडा असेल तेव्हा तो कुठल्या जातीचा आहे ते ओळखायला हवं. असं आधी सरकवून न घेता १०० सांगितल्यावर ९९.७ आलं, तर लगेच सेटिंगला हात लावू नका. एकदा पुढे जाऊन, मग दिशा उलटवून २० मिलिमीटर मागे मोजा. तिथेही ०.३ च कमी पडलं, १९.७ आलं, तर ती नटमधली ढिलाई, म्हणजे बॅकलॅश आहे. तो स्क्रू आणि नट दुरुस्त करूनच जातो. १९.९४ आलं, म्हणजे फरक अंतराच्या प्रमाणात घटला, तर पावलांचा आकडा थोडा चुकला आहे. मग जुन्या आकड्याला सांगितलेल्या अंतरानं गुणून प्रत्यक्ष अंतरानं भागा. बॅकलॅश असताना पावलांचा आकडा बदललात तर १०० चं माप बरोबर येईल आणि बाकीची सगळी चुकतील.

पायरी ४: लाकडाऐवजी कागद

स्पिंडलला पेन बांधा. स्प्रिंग किंवा रबरबँड असा लावा की टोक थोडं वर-खाली होऊ शकेल. ९० गुणिले १२० चा आयत काढायला सांगा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १५० हवेत. मोठं मशीन असेल तर ३०० गुणिले ४०० चा काढा, कर्ण ५००. आयत मोठा तितका दोष स्पष्ट दिसतो. एक कर्ण लांब आला तर गॅन्ट्रीचं एक टोक असं सरकवा की लांब कर्ण आखूड होईल, आणि पुन्हा काढा.

मग एक वर्तुळ काढा. अंडाकृती आलं तर एखाद्या अक्षाचा आकडा चुकला आहे. वर्तुळ गोल आहे, पण चार ठिकाणी, जिथे एखादा अक्ष दिशा बदलतो, तिथे बारीक पायरी किंवा सपाट तुकडा दिसतो? तो बॅकलॅशच आहे.

तुमची खरी फाईलसुद्धा एकदा अशी कागदावर किंवा हवेत, झेडचं शून्य २० मिलिमीटर वर ठेवून चालवा. कटर क्लॅम्पवर आदळणार असेल तर इथेच कळेल.

पायरी ५: बेड आणि स्पिंडलचा ओळंबा

नव्या मशीनचा बेड सपाट असतो असं धरून चालणं ही फार महागात पडणारी समजूत आहे. बेडवर एमडीएफची फळी कायमची बसवा आणि रुंद कटरनं तिचा वरचा पातळ थर काढून घ्या. याला स्पॉइलबोर्ड सपाट करणं म्हणतात. मग तिच्यावरून हाताचा तळवा फिरवा. कटर एक्सच्या दिशेनं ओळी काढत गेला असेल आणि दोन ओळींच्या मध्ये करवतीच्या दात्यांसारखी पायरी लागत असेल, तर स्पिंडल वायच्या दिशेनं कलला आहे. ओळी वायच्या दिशेनं काढल्यावर तशी पायरी लागली तर कल एक्सकडे आहे. स्पिंडलच्या पट्टीखाली पत्र्याचा किंवा कागदाचा तुकडा घालून तो काढा, आणि पुन्हा एक थर सपाट करा.

पण स्पॉइलबोर्ड सपाट झाला म्हणून तुमचं लाकूड सपाट होत नाही. व्ही-बिटनं अक्षरं कोरताना याचा फटका बसतो. ९० अंशाच्या व्ही-बिटची रेघ खोलीच्या दुप्पट रुंद होते, म्हणजे फळी अर्धा मिलिमीटर वर असेल तर अक्षराची रेघ एक मिलिमीटरनं जाड होते. ६० अंशाच्या बिटला हाच फरक ०.५८ मिलिमीटरच्या आसपास राहतो. म्हणून फळी थोडी वाकडी असेल तर मी ६० अंशाचा बिट घेते. कटर लावण्याआधी फळीच्या चार कोपऱ्यांवर कागद सरकवून झेडची उंची बघा, किती फरक आहे ते लगेच कळतं. आणि सगळीच अक्षरं सारखी जाड आली असतील, तर बिटचा कोन सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा दिला आहे का ते तपासा.

पायरी ६: कोलेट

कोलेट, म्हणजे कटरचा दांडा पकडणारी चिरांची नळी, आधी नटमध्ये टक् आवाज येईपर्यंत बसवा, मग नट स्पिंडलवर चढवा, आणि त्यानंतर कटर घाला. उलट क्रमानं केलं तर कोलेट तिरका बसतो आणि कटर डगमगत फिरतो. कटरचा दांडा आणि कोलेट यांचं माप एकच हवं. छोट्या कटरचे दांडे बहुधा ३.१७५ मिलिमीटरचे असतात. ३ मिलिमीटरचा दांडा त्या कोलेटमध्ये आवळल्यासारखा वाटतो, पण काम करताना सरकतो. कोलेटच्या चिरांत अडकलेला भुसा दर वेळी झटका.

पायरी ७: पहिला काप

मऊ, गाठ नसलेलं लाकूड घ्या. ते दोन बाजूंनी घट्ट पकडा, नुसत्या एका क्लॅम्पवर विसंबू नका. लाकूड केसभर जरी हललं तरी पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ जातं.

वेगाचा हिशेब असा: मिलिमीटर प्रति मिनिट वेगाला, फेरे आणि कटरच्या धारा यांच्या गुणाकारानं भागलं, की प्रत्येक धार किती जाडीची ढलपी काढते ते मिळतं. १०,००० फेरे, दोन धारा, १००० मिलिमीटर वेग, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. छोट्या मशीनवर मऊ लाकडासाठी ही चांगली सुरुवात आहे. मशीन नवं म्हणून भीतीनं वेग ३०० वर आणला, तर तीच जाडी ०.०१५ होते. धार कापण्याऐवजी घासते, लाकूड काळं पडतं, जळका वास येतो आणि कटर बोथट होतो. म्हणून जळलं की बहुतेकदा वेग वाढवायचा असतो किंवा फेरे कमी करायचे असतात, हे सुरुवातीला मनाला पटत नाही. बेडवर पडतं ते चिमटीत घेऊन बघा: पिठासारखी धूळ असेल तर घासतंय, बारीक ढलप्या असतील तर कापतंय.

एका थराची खोली कटरच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी ठेवा, नाजूक मशीनवर अर्धा ते एक मिलिमीटर. खाली उतरण्याचा वेग आडव्या वेगाच्या निम्मा किंवा तृतीयांश ठेवा. वरच्या कडेला तंतू उभे राहात असतील तर अपकट (भुसा वर ओढणाऱ्या) कटरऐवजी डाउनकट वापरून पाहा. तो तंतू खाली दाबत कापतो, पण भुसाही खोबणीतच दाबतो, म्हणून खोल खोबणीसाठी योग्य नाही.

आता फळी वाचा

एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ: पायरी ५ कडे जा.

काम जसजसं पुढे गेलं तसतशी खोली वाढत गेली: बहुधा कटर कोलेटमधून खाली सरकतो आहे. अपकट कटर स्वतःला लाकडात ओढून घेतो. कटरच्या दांड्यावर कोलेटच्या कडेशी मार्करची खूण करा. ती खाली आली तर कोलेट सैल. खूण जागच्या जागी असेल, तर झेडची मोटर वर येताना पावलं चुकते आहे. $११२ मधला झेडचा सर्वोच्च वेग आणि $१२२ मधला त्वरण कमी करून पाहा.

पहिल्याच क्षणी खूप खोल घुसला: सॉफ्टवेअरमध्ये झेडचं शून्य लाकडाच्या पृष्ठभागावर धरलं आहे आणि तुम्ही ते तळाशी लावलं.

एका जागेपासून पुढचं सगळं सरकलं: आधी कपलिंगवरची रेघ बघा. ती शाबूत असेल तर मोटरनं पावलं चुकवली आहेत. सरकलेल्या जागेशी कटर गाठीत अडकला होता का, क्लॅम्पला लागला का, वायर कुठे ओढली गेली का, ते शोधा. काहीच नसेल तर थराची खोली निम्मी करा. तरीही तसंच झालं तर त्या अक्षाचं त्वरण कमी करा. ड्रायव्हरचा करंट वाढवणं सर्वात शेवटी, आणि मोटर व ड्रायव्हरच्या मर्यादा वाचूनच.

काम मध्येच थांबलं, जोडणी तुटली: इथे अंदाज उपयोगी नाही, वजाबाकी करत जा. आधी कॉम्प्युटरची झोप आणि यूएसबीची वीज-बचत बंद करा. मग तीच फाईल हवेत, स्पिंडल बंद ठेवून पूर्ण चालवा. चालली? आता स्पिंडल चालू, कटर नाही. चालली? मग व्हॅक्यूम चालू करा. ज्या टप्प्यावर तुटेल तिथे कारण आहे. स्पिंडल चालू करताच तुटत असेल तर त्याची वायर यूएसबी आणि लिमिट स्विचच्या वायरींपासून दूर न्या, केबल आखूड आणि शील्डची घ्या, अर्थिंग तपासून घ्या. व्हॅक्यूम लावल्यावर तुटत असेल तर प्लॅस्टिकच्या नळीतून धावणाऱ्या भुशानं स्थिर विद्युत साठते आहे. नळीतून उघडी तांब्याची तार नेऊन ती अर्थला जोडा.

सगळ्या पायऱ्या झाल्या की पहिली बिघडलेली फळी उलटी करून बेडवर आवळा. तीच फाईल, तोच कटर, तोच वेग ठेवून मागच्या बाजूवर कोरा. मग कॅलिपर घेऊन दोन्ही बाजूंची तीच तीन अक्षरं मोजा, आणि आकडे त्या फळीच्या कडेवर लिहून ठेवा. पुढचा कटर विकत आणाल तेव्हा तुलनेला हीच फळी लागेल.